ख्रिस्ती माणूस रोजच्या जगण्यात वेगळा कुठे दिसतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आम्हाला ऑफिसातले सहकारी विचारतात, शेजारी विचारतात, नुकताच बाप्तिस्मा घेतलेली माणसं विचारतात आणि आमच्याच मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, कॉलेजला जाणारी पोरंही विचारतात. उत्तरं अहिल्यानगर-श्रीरामपूर भागातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या जगण्यातून दिली आहेत. वसई-गोव्याकडचे कॅथलिक जिथे वेगळं करतात, तिथे तसं सांगितलं आहे.

ख्रिस्ती माणूस बघून ओळखता येतो का?

बहुतेक वेळा नाही. आमच्या गावांत ख्रिस्ती घरातली म्हातारी नऊवारीच नेसते, चुलीवर बाजरीचीच भाकरी होते आणि आडनावं गायकवाड, साळवे, कांबळे, पवार अशीच असतात. मुलांची नावं सुनील, प्रकाश असतात, तशी शमुवेल आणि रूथही असतात. वसईला गेलात तर आडनाव डिमेलो किंवा लोपीस, पण घरात सामवेदी बोली आणि जुन्या बायकांच्या अंगावर लाल लुगडं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १०.८ लाख ख्रिस्ती होते, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही थोडे कमी. एवढी थोडी माणसं, आणि त्यांच्यातही एकसारखा पेहराव नाही की एक बोली नाही.

हे आजचं नाही. दुसऱ्या शतकात दियोग्नेतस नावाच्या माणसाला कुणीतरी लिहिलेलं एक पत्र आजही उपलब्ध आहे. त्यात ख्रिस्ती लोकांचं वर्णन असंच आहे: देश, भाषा, रीतिरिवाज या बाबतीत ते इतरांपेक्षा वेगळे नाहीत, ज्या गावात राहतात तिथलंच खातात-लेतात, पण नको असलेली अर्भकं बाहेर टाकून देण्याची त्या काळातली रीत मात्र ते पाळत नाहीत.

मग वेगळेपण नेमकं कशात आहे?

पैसा, वैरी, मरण आणि आपल्यापेक्षा खाली समजला जाणारा माणूस, या चार ठिकाणी. मत्तयाच्या शुभवर्तमानाचे पाच, सहा आणि सात हे अध्याय सलग वाचा. डोंगरावरच्या त्या प्रवचनात प्रभू येशूने कपड्यांचा विषय काढला आहे तो मुख्यतः त्यांची चिंता करू नका हे सांगायला. बाकी सगळा भर आहे तो राग गिळण्यावर, दिलेला शब्द पाळण्यावर, गुपचूप दान करण्यावर आणि शत्रूसाठी प्रार्थना करण्यावर.

आम्हाला एक गोष्ट मनापासून वाटते, ती आधीच सांगतो. टिकली, प्रसाद, गाणी, नावं या बाबतीत आमच्या मंडळ्यांनी वेगळेपण फार काटेकोरपणे पाळलं. जात, हुंडा, लाच या बाबतीत मात्र चारचौघांसारखंच वागत राहिलो. कुंपण घातलं, पण चुकीच्या बांधावर घातलं. खालची उत्तरं वाचताना हे ध्यानात ठेवा.

तुम्ही प्रसाद का घेत नाही? आम्हाला वाईट वाटतं.

वाईट वाटणं साहजिक आहे. प्रेमाने पुढे केलेला हात कुणी नाकारला तर कुणालाही लागेल. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हाच प्रश्न इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीसमधल्या करिंथ शहरात आला होता. तिथल्या देवळांत बळी दिलेल्या जनावरांचं मांस बाजारात विकायला यायचं. नवे ख्रिस्ती झालेले लोक गोंधळले: ते विकत घ्यावं की नाही, ख्रिस्ती नसलेल्या मित्राकडे जेवायला जावं की नाही? प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायांत याचं उत्तर आहे. मूर्ती काही नाही, अन्नाने आपण देवाच्या जवळ जात नाही की दूर जात नाही. बाजारात जे मिळतं ते चौकशी न करता खा. कुणी जेवायला बोलावलं तर जा आणि वाढलेलं खा. पण हे देवाला वाहिलेलं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं, तर खाऊ नका, आणि तेही त्या समोरच्या माणसाच्या मनाचा विचार करून. त्याच पत्रात प्रभूच्या मेजावर आणि दुसऱ्या मेजावर एकाच वेळी बसता येत नाही असंही पौल म्हणतो. आमच्या लोकांसाठी प्रसाद म्हणजे नुसता गोड पदार्थ नाही. तो एका उपासनेतला वाटा आहे, आणि तुमच्यासाठीही तो तसाच आहे. तुमची श्रद्धा आम्ही खरी मानतो म्हणूनच शिरा म्हणून तोंडात टाकून मोकळे होत नाही.

सगळे ख्रिस्ती एकसारखं वागतात असं नाही. काही जण, विशेषतः कॅथलिक घरांतले, प्रेमाचा मान म्हणून घेतात. काही जण घेऊन बाजूला ठेवतात. ते बाजूला ठेवणं आम्हाला पटत नाही, कारण देणाऱ्याने मागे वळून पाहिलं तर त्याला दुप्पट लागतं. त्यापेक्षा तोंडावर, हात जोडून सांगावं: "ताई, तुमचा मान राखून सांगते, देवापुढे ठेवलेलं आम्ही घेत नाही. चहा मात्र तुमच्याकडेच घेणार." आणि मग खरंच बसून चहा घ्यावा.

श्रीरामपूरकडच्या एका चाळीतली रीत सांगण्यासारखी आहे. गणपतीत मोदक उकडले की नैवेद्याचं ताट वाढण्याआधीच शेजारच्या काकू पाच मोदक स्टीलच्या डब्यात काढून ठेवतात आणि डबा आमच्या दारात आणून देताना सांगतात, "हे आधीच काढलेले आहेत हो." डबा रिकामा परत करायचा नाही हा आपल्याकडचा नियम, त्यामुळे नाताळच्या आठवड्यात तोच डबा करंज्या आणि चकलीने भरून परत जातो. दोन्ही घरांनी आपापली श्रद्धा जपली आणि मोदकही खाल्ले.

ऑफिसातली सत्यनारायणाची पूजा, खंडेनवमीची यंत्रपूजा, सोसायटीची वर्गणी यांचं काय?

पूजेत हात जोडून उभं राहायचं नाही, हे बहुतेक विश्वासणारे पाळतात. पण त्यासाठी त्या दिवशी रजा टाकून घरी बसणं आम्हाला योग्य वाटत नाही. एमआयडीसीतल्या कारखान्यात खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सगळी मशीन पुसून-धुऊन तेलपाणी करतात. त्या कामात ख्रिस्ती कामगाराने सगळ्यांत पुढे असावं. मशीनची निगा हे कामच आहे. प्रत्यक्ष पूजेच्या वेळी तो बाजूला शांतपणे उभा राहिला तर चांगला सुपरवायझर समजून घेतो. बहुतेकांना कारण सांगितलं की पुरतं. अडचण येते ती न सांगता गायब होणाऱ्यांची.

वर्गणीबद्दल एकच नियम सांगता येणार नाही. मूर्ती आणि पूजेच्या खर्चाला देत नाही, रक्तदान शिबिराला किंवा मुलांच्या स्पर्धांना देतो, असं कार्यकर्त्यांना स्पष्ट सांगणारे आमच्यात बरेच आहेत. मंडळंही ते मान्य करतात. दिवाळीचा फराळ, तिळगूळ, आपट्याची पानं हे आम्ही आनंदाने घेतो.

टिकली, बांगड्या, मंगळसूत्र यांना मनाई आहे का?

बायबलमध्ये नाही. मिशनच्या काळात टिकली हे जुन्या धर्माचं चिन्ह मानलं गेलं, आणि पुष्कळ घरांत आजही लावत नाहीत. मंगळसूत्र मात्र अनेक मराठी ख्रिस्ती बायका घालतात, काळ्या मण्यांत छोटा क्रूस ओवून. कुणी फक्त अंगठी घालतं. नुकत्याच विश्वासात आलेल्या सुनेची टिकली काढायला लावणं ही मंडळीची पहिली काळजी असू नये. तिच्या घरात तिला कुणी मारत तर नाही ना, हे आधी विचारावं.

रविवारी कामाला नाही म्हणता, मग परीक्षा आली तर?

रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा वार. त्या दिवशी उपासना आधी आणि बाकी सगळं नंतर, असं लहानपणापासून शिकवलं जातं. एरिक लिडेल या स्कॉटिश धावपटूने १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी प्राथमिक फेरी असल्यामुळे १०० मीटरची शर्यत सोडली आणि नंतर ४०० मीटरमध्ये सुवर्णपदक जिंकलं, ही गोष्ट संडे स्कूलमध्ये सगळ्यांनी ऐकलेली असते.

पण प्रत्येक जण लिडेल नसतो, आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षा बहुधा रविवारीच असतात. वर्षभर शेतातलं काम सांभाळून अभ्यास केलेल्या मुलीला परीक्षा सोड असं सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. प्रभू येशूने शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी वाळलेल्या हाताचा माणूस बरा केला (मार्क ३) आणि त्यावरून लोकांचा रोष ओढवून घेतला. मिशन हॉस्पिटलांतल्या नर्सना रविवारची ड्युटी असतेच. परीक्षा द्यावी आणि सकाळच्या किंवा संध्याकाळच्या उपासनेला जावं. मात्र आळसाने झोपून राहण्यासाठी हे उत्तर वापरू नये.

उत्पन्नाचा दहावा हिस्सा खरंच देता?

देणारे आहेत, न देणारेही आहेत. दशांशाची शिकवण बायबलच्या जुन्या करारातली. नव्या करारात आकडा नाही, आनंदाने द्या एवढंच आहे. मिझोराममधल्या ख्रिस्ती घरांत रोज स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ बाजूला काढून मंडळीला देण्याची रीत शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि त्या मुठीमुठीतून फार मोठं काम उभं राहिलं आहे.

आमच्या भागात देण्याचा सगळ्यांत सुंदर दिवस म्हणजे पिकांच्या उपकारस्तुतीची उपासना. शेतकरी वेदीसमोर जोंधळ्याची कणसं, बाजरी, भोपळे, ऊस आणून ठेवतात. ज्याच्याकडे शेत नाही तो अंडी आणतो, एखादी बाई पायाला दोरी बांधलेली कोंबडी घेऊन येते आणि ती कोंबडी अख्ख्या संदेशभर बोलत राहते. उपासना झाली की अंगणात लिलाव होतो. चाळीस रुपयांचा भोपळा कुणीतरी पाचशेला घेतो आणि पुन्हा लिलावात टाकतो. जास्त बोली लावणाऱ्याचं नाव मोठ्याने पुकारण्याची सवय मात्र सोडायला हवी. उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू देऊ नका असं स्पष्ट सांगितलेलं असताना माईकवर नावं कशाला?

सरकारी कामाला पैसे मागितले तर काय करता?

घेणाऱ्याच्या खुर्चीत ख्रिस्ती माणूस असेल तर दुमत नाही: घ्यायचे नाहीत, आणि पूर्वी घेतले असतील तर परत करायचे. जक्कय नावाच्या जकातदाराने लबाडीने घेतलेलं चौपट परत करतो म्हणून जाहीर केलं (लूक १९). आमच्या रविवारच्या संदेशांत जक्कय झाडावर कसा चढला हे रंगवून सांगतात. खाली उतरल्यावर त्याने काय हिशोब केला, तो भाग जास्त महत्त्वाचा आहे.

देणाऱ्याची बाजू अवघड असते. सातबाऱ्यावर नाव लागत नाही, पोरीच्या प्रवेशाची मुदत संपत आली आहे, अशा वेळी "देऊ नकोस" म्हणणं सोपं आणि न देणं महाग. म्हणून मंडळीने नुसता उपदेश न करता मदत करावी. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा तुमचा हक्क आहे, मुदत उलटली की अपील करता येतं. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. उघड मागणी झाली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. आणि काम लांबल्यामुळे ज्या कुटुंबाचं नुकसान झालं, त्याच्या घरचं रेशन त्या महिन्यात मंडळीने भरावं. खरेपणाची किंमत एकट्याने का भरायची?

ख्रिस्ती झाल्यावर जात जाते का?

जायला हवी. गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात यहुदी-हेल्लेणी (ग्रीक), दास-स्वतंत्र, स्त्री-पुरुष हा भेद ख्रिस्तात उरत नाही असं लिहिलं आहे. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये अहमदनगरला आलं आणि पुढे महार-मांग समाजातली हजारो माणसं मंडळीत आली. त्यांच्यासोबत थोडे ब्राह्मणही आले. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला वाटून घेण्याच्या विधीला, सगळे एका मेजाशी बसले. त्या काळात हे काय होतं याची कल्पना आज येणं कठीण आहे. कवी ना. वा. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांनी जातीचा पगडा आपल्या मनातून कसा उतरला हे स्वतः लिहून ठेवलं आहे, आणि ते वाचताना समजतं की बाप्तिस्म्याच्या पाण्याने ते आपोआप होत नाही. रोज कुणाच्या तरी हातचं पाणी पिऊन ते शिकावं लागतं.

आज मेज एक आहे, पण लग्न ठरवताना "मूळचे कोणते?" हा प्रश्न हळूच विचारला जातो. पूर्वीचा महार आणि पूर्वीचा मांग, गोव्याकडचा बामण आणि इतर, सगळीकडे हे चालतं. आमच्या मते ख्रिस्ती मंडळीचं आजचं सगळ्यांत मोठं पाप हेच आहे, आणि यावर वर्षातून एखादा संदेशही होत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना लागू झाला, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. गाव त्याला जुन्याच नावाने हाक मारतं, कागद म्हणतो तुझी जात गेली. त्यामुळे दाखल्यावर एक आणि रविवारी एक असं जगणारी कुटुंबं आहेत. त्यांना ढोंगी म्हणण्याआधी त्यांच्या जागी उभं राहून पाहावं.

हुंडा?

घ्यायचा नाही, द्यायचा नाही. "मुलीच्या हौसेने" दिलेली मोटारसायकलही हुंडाच. पाळकसाहेबांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) लग्न लावण्याआधी दोन्ही घरांना समोर बसवून विचारावं, आणि खोटं बोलणाऱ्याचं लग्न लावू नये.

लग्न ख्रिस्ती माणसाशीच करावं लागतं का?

पौलाने विश्वास न ठेवणाऱ्याशी विजोड जोडले जाऊ नका असं लिहिलं आहे (२ करिंथ ६), म्हणून मंडळी तसंच शिकवते. लग्नानंतर दोघांतला एकच विश्वासात आला, तर मात्र जोडीदार राहायला तयार असताना त्याला सोडू नका, असंही त्याचंच सांगणं आहे (१ करिंथ ७). आंतरधर्मीय लग्नासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. मुलीला किंवा मुलाला बाप्तिस्म्याची अट घालून "सोय" करणं हा त्या विधीचा अपमान आहे. ज्या बाप्तिस्म्यामागे मन नाही तो देऊ नये.

कुणी कितीही त्रास दिला तरी क्षमा करायची?

२२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर गावात कुष्ठरुग्णांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची फिलिप व तिमथी ही दोन मुलं गाडीत झोपलेली असताना त्यांना जिवंत जाळण्यात आलं. मुलं दहा आणि सहा वर्षांची होती. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं, आणि त्या निघून गेल्या नाहीत. बारीपदाला राहून त्यांनी रुग्णांचं काम पुढे काही वर्षं चालू ठेवलं. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ख्रिस्ती क्षमा म्हणजे काय हे विचारणाऱ्याला आम्ही हे सांगतो आणि गप्प बसतो, कारण यापुढे बोलण्यासारखं फारसं उरत नाही.

पण ध्यानात घ्या, मारेकऱ्यांवर खटला चालला आणि शिक्षा झाली. क्षमेने कायदा थांबला नाही. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याकडे "सत्तर वेळा सात" क्षमा कर म्हणत बाईला परत पाठवणारे वडीलजन आमच्या मंडळ्यांत आहेत. हे शास्त्राचं विकृतीकरण आहे. क्षमा ती तिच्या वेळेने, तिच्या मनाने करेल. आधी तिला सुरक्षित घर द्या आणि पोलिसात तक्रार करायची असेल तर तिच्यासोबत जा.

तुमच्याकडे कुणी वारलं की गाणी म्हणतात, असं का?

कारण माणूस प्रभूमध्ये निजला आहे, पुन्हा उठणार आहे असा आमचा विश्वास आहे. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, असं थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रात लिहिलं आहे. शोक करू नका असं मात्र कुठेच लिहिलेलं नाही. आपला मित्र लाजर याच्या कबरीपाशी येशू स्वतः रडला.

गावात बातमी कळली की घंटा वाजते. एक जण सुताराकडे माप घेऊन जातो, दोघे-तिघे कुदळ-फावडं घेऊन खड्डा खणायला. घरात बायका अंघोळ घालून नवं पांढरं वस्त्र नेसवतात. प्रवासातले नातेवाईक पोचेपर्यंत अंगणात सतरंजीवर हार्मोनियम आणि तबला येतो आणि ना. वा. टिळकांची भजनं सुरू होतात. मध्येच मुलगी हंबरडा फोडते, गाणं थांबतं, कुणीतरी तिला जवळ घेतं, मग पुन्हा तेच कडवं. गावातले हिंदू-मुसलमान शेजारी चहाच्या किटल्या आणतात. स्मशानात पाळकसाहेब माती मातीला असं म्हणतात आणि सगळे जण मूठमाती देतात, शत्रुत्व असलेला भाऊबंदही.

आमच्यात दहावं-तेरावं नाही, कावळ्याची वाट पाहणं नाही, विधवेचं कुंकू पुसण्यासारखा कोणताही विधी नाही. काही दिवसांनी स्मरणार्थ उपासना होते. कॅथलिक २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतात. आमच्या बऱ्याच मंडळ्या ईस्टरच्या पहाटे स्मशानात जाऊन गातात.

मुहूर्त, पत्रिका, नजर?

पाळत नाही. पण कुणीतरी प्रार्थना केलेल्या तेलाची बाटली किंवा रुमाल पैसे देऊन घरी आणणारे विश्वासणारे हल्ली दिसतात. तोही तोडगाच आहे, फक्त नाव बदललं आहे.

आजारी पडल्यावर औषध घेता की फक्त प्रार्थना?

दोन्ही. लूक, ज्याचं शुभवर्तमान आम्ही वाचतो, तो वैद्य होता. बरं होण्याचं चिन्ह म्हणून इन्सुलिन किंवा टीबीच्या गोळ्या बंद करायला सांगणारा कुणीही असो, कितीही मोठी सभा भरवत असो, त्याचं ऐकू नका. जीव जातो.

तुमच्या शाळा-दवाखान्यांमागे धर्मांतराचा हेतू असतो ना?

हा प्रश्न आडून विचारला जातो, म्हणून सरळ उत्तर देतो. आमचा विश्वास आम्ही लपवत नाही आणि कुणी विचारलं तर सांगतो. पण धर्म बदलशील तर औषध देईन असं म्हणणारा सेवा करत नाही, सौदा करतो.

कामं पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, बेवारस मुलींना केडगावला घेऊन आल्या. तिथे त्या मुली लिहा-वाचायला, विणायला, छापखाना चालवायला शिकल्या. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवलं. त्यांतल्या अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित. बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग, पाणी हे सगळं त्या बायका बघू लागल्या आणि ज्या घरांत त्यांना उंबऱ्यावर येऊ देत नव्हते, तिथेच त्यांना बोलावणी येऊ लागली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मी नवीन विश्वासात आलो आहे. घरचे फार चिडले आहेत. काय करू?

घाई करू नका. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईला बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. कित्येक वर्षं दोघं दुरावली. पुढे त्या नगरला त्यांच्याकडे आल्या, पण आपलं सोवळं सांभाळून, आणि स्वतःच्या मनाने १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षं लागली.

घरातल्या देवांच्या तसबिरींना हात लावू नका; त्या तुमच्या आईच्या आहेत. वाद घालायचं टाळा, विचारलं तर सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्या, असं येशूचा शिष्य पेत्र सांगतो. पूजेला बसणार नाही हे एकदा स्पष्ट सांगा, पण वडिलांच्या ऑपरेशनला रात्रभर दवाखान्यात तुम्हीच थांबा. बहिणीच्या लग्नात सगळ्यांत जास्त राबा. सभेला जायचं म्हणून घरचं काम टाकून जाणारा नवा विश्वासणारा आपल्या आईला एकच गोष्ट शिकवतो: या धर्माने माझा मुलगा नेला.

बघायला म्हणून रविवारी चर्चला यावं का? कुणी हरकत घेईल का?

अवश्य या, कुणी हरकत घेणार नाही. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या (मारियामातेच्या) यात्रेला येणाऱ्यांतही ख्रिस्ती नसलेले पुष्कळ असतात. गावाकडच्या मंडळीत चपला दाराबाहेर काढतात, शहरात बहुधा नाही. पुढच्याकडे बघून करा. बऱ्याच गावांत बायका आणि पुरुष वेगवेगळ्या बाजूला बसतात. सगळे उभे राहिले की उभं राहिलात तर बरं, बसून राहिलात तरी चालेल. दानाची थैली पुढे आली तर काही टाकलंच पाहिजे असं नाही. प्रभुभोजन असेल त्या दिवशी भाकर आणि प्याला घेऊ नका, तो बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असतो. जागेवर शांत बसा. उपासना साधारण दीड-दोन तास चालते, लहान मुलं सोबत असतील तर मागच्या बाकावर बसा. संपल्यावर दारात पाळकसाहेब उभे असतात, लोक एकमेकांना सलाम करतात. तुमचे प्रश्न असतील तर तिथेच विचारा, किंवा घरी बोलवा. ते येतात.